सोळाचा वेग : चावीच्या बोलेक्सची दुरुस्ती

घरगुती चित्रफिती टिपण्याचा जुना, चावीवर चालणारा कॅमेरा 'बंद पडला' म्हणून कोणी हाती देतो, तेव्हा त्यातला एखादा भाग खरोखर मोडलेला सापडणे विरळाच. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने काकवीसारखे घट्ट झालेले वंगण, फिल्मच्या वाटेत साचलेला मळ आणि भिंगांवर चढलेली बुरशी, एवढ्यातच बहुतेक दुखणी संपतात. यंदाच्या हिवाळ्यात जळगावात माझ्या टेबलावर आलेला बोलेक्स बी-८ याच पठडीतला निघाला. ज्या कुटुंबाकडून तो आला, त्यांची एकेकाळी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याची गिरणी, होती. आजोबांनी मुंबईहून आणलेला हा कॅमेरा त्यांच्या पश्चात कपाटाच्या वरच्या फळीवर चामड्याच्या पेटीत पडून होता आणि पेटी उघडली तेव्हा कॅमेऱ्याच्या सांधीत सरकीच्या तुसाचे बारीक तंतू अडकलेले दिसत होते.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी या कॅमेऱ्याची रीत सांगितली पाहिजे, कारण ती ठाऊक नसेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. १६ मिलिमीटरची हौशी फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये आणली होती, पण ती महाग पडे. म्हणून १९३२ मध्ये त्याच कंपनीने खर्च कमी करणारी ८ मिलिमीटरची पद्धत काढली. तिच्यात रिळावर २५ फूट लांबीची आणि १६ मिलिमीटर रुंदीचीच फिल्म असते. पहिल्या फेरीत तिची एक बाजू टिपली जाते, मग रिळांची अदलाबदल करून दुसऱ्या फेरीत उरलेली बाजू टिपायची, आणि फिल्म धुतल्यानंतर ती मधोमध उभी कापून दोन्ही पट्ट्या जोडल्या की ५० फुटांची ८ मिलिमीटरची फिल्म तयार होते. एका फुटात ८० फ्रेम बसतात, म्हणजे एकूण ४००० फ्रेम, आणि सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने त्या चार मिनिटे दहा सेकंद चालतात. रिळाच्या एका तोंडाला तीन खाचा आणि दुसऱ्याला चार खाचा ठेवलेल्या असतात, त्यामुळे रीळ उलटे बसत नाही. इतक्या साध्या युक्तीने किती जणांची लग्नकार्ये दुहेरी छापली जाण्यापासून वाचली असतील, याचा अंदाजच केलेला बरा.

१९६५ मध्ये सुपर ८ आले, फिल्म बंद डबीत गेली, आणि पुढे चावीच्या जागी बॅटरीची मोटर आली. ते कॅमेरे मी शक्यतो घेत नाही. त्यांतले रबरी पट्टे विरघळलेले असतात, बॅटरीच्या कप्प्यात हिरवा क्षार चढलेला असतो, आणि प्रकाशमापकाला लागणाऱ्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. चावीच्या कॅमेऱ्यात मात्र जे बिघडते ते डोळ्यांना दिसते आणि बोटांना कळते. मूळच्या बी-८ मध्ये तर प्रकाशमापकच नाही, हे दुरुस्ती करणाराचे भाग्य.

बोलेक्स हे नाव जाक बोगोपोल्स्की या संशोधकाकडून आले, पण बी-८ ज्या पायार कंपनीने १९५३ च्या सुमारास बाजारात आणला ती स्वित्झर्लंडमधल्या सेंत-क्र्वा या डोंगराळ गावची, आणि तिचा मूळ धंदा वाजणाऱ्या पेट्यांचा व पुढे ग्रामोफोनचा होता. हर्मीस टंकलेखन यंत्रेही तिचीच. गुंडाळलेल्या स्प्रिंगमधली ताकद एका ठरावीक वेगाने सोडत राहण्याचे कसब या लोकांच्या हातात कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून मुरलेले होते, हे आतली रचना पाहिली की पटते.

कॅमेरा हाती आला की झाकण उघडण्याची घाई करू नये. आत अर्धी टिपलेली फिल्म असू शकते आणि उजेडात उघडताच ती जाते. मी रात्री खोलीतला दिवा मालवून, काळ्या कापडाच्या पिशवीत हात घालून आत चाचपतो. रीळ हाताला लागले तर ते तसेच डब्यात बंद करून मालकाला परत देतो. त्यावर कोडाक्रोम लिहिलेले असले तर रंगांची आशा सोडावी लागते, कारण त्या फिल्मची खास रासायनिक प्रक्रिया करणारी अमेरिकेतली शेवटची प्रयोगशाळाही २०१० च्या अखेरीस ते काम थांबवून मोकळी झाली. मात्र कृष्णधवल म्हणून धुऊन काही चित्रे निघण्याची शक्यता उरते. या बोलेक्समध्ये नुसते रिकामे रीळ होते, त्यामुळे दिवा लावून कामाला लागता आले.

चावी पूर्ण भरून बटण दाबले, तर पहिली काही सेकंदे यंत्र बऱ्यापैकी घरघरले, मग आवाज खाली येत गेला आणि अर्धी स्प्रिंग शिल्लक असतानाच ते थांबले. चांगल्या अवस्थेतला असा कॅमेरा एका चावीत साधारण अर्धा मिनिट चालतो आणि थांबेपर्यंत त्याचा सूर बदलत नाही. सूर बदलला म्हणजे वेग बदलला, आणि वेग बदलला म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बिघडल्या: झडप (शटर) सावकाश फिरल्याने प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळतो, म्हणून चित्र पांढरे पडत जाते, आणि तीच फिल्म प्रोजेक्टरवर नेहमीच्या वेगाने दाखवली की माणसे लगबगीने धावू लागतात. जुन्या घरगुती फिल्मांत प्रत्येक दृश्याच्या शेवटी उजळत जाणारी आणि घाई करणारी मंडळी दिसतात, त्यातला बराच भाग टिपणाराच्या अननुभवाचा नसून वंगणाचा असतो, असे माझे मत आहे.

वेग मोजायला पूर्वी फूटपट्टीच लागे. १६ च्या वेगाला एक फूट फिल्म जायला पाच सेकंद लागली पाहिजेत. एखाद्या निरुपयोगी फिल्मवर एकेक फुटावर शाईने खूण करून हातात घड्याळ धरले की हिशेब लागतो. आता मोबाईलने काम सोपे केले आहे. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या मंद गतीच्या मोडवर मोबाईल लावायचा, कॅमेऱ्याचे भिंग काढून मागून उजेड सोडायचा आणि फिरती झडप टिपायची. नंतर एका उघडझापेत मोबाईलची किती चित्रे बसली ते मोजायचे. पंधरा बसली तर वेग सोळाचा. या बोलेक्समध्ये सुरुवातीला सतरा भरली आणि थांबण्याच्या बेतात ती पंचवीसच्या पुढे गेली, म्हणजे वेग १४ वरून १० च्याही खाली घसरत होता. हे आकडे वहीत लिहून ठेवले की दुरुस्तीनंतर आपण स्वतःचीच समजूत काढत नाही ना, हे ताडून पाहता येते.

उघडण्यापूर्वी स्प्रिंगची सगळी चावी उतरवून घेणे हा या कामातला एकमेव नियम मी कोणाच्याही बाबतीत शिथिल करत नाही. भरलेल्या स्प्रिंगचे घर सुटले तर पोलादी पट्टी बोटे कापू शकते. चावी उतरवायची ती बटण दाबून यंत्र थांबेपर्यंत चालवून. आणि यंत्र मध्येच अडले असेल तर आधी त्या अडथळ्याच्या भोवती पेट्रोलचे थेंब सोडून, वाट पाहून ते मोकळे करायचे. स्प्रिंगचे बंद घर मी उघडत नाही. ते चांगले असेल तर उघडण्याची गरज नसते, आणि आतली पट्टीच तुटली असेल तर माझ्या टेबलावर तिचा उपाय नाही.

हत्यारांचा प्रश्न भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे फिटरने सोडवला. भिंगाभोवतीच्या कड्यांना दोन बारीक खाचा असतात आणि त्यांत बसणारा दुटोकी पाना बाजारात सहज मिळत नाही; त्यांनी एका जुन्या व्हर्नियर कॅलिपरची दोन्ही टोके घासून सुईसारखी केली आणि तो माझ्या हाती ठेवला. सोबत सल्ला दिला, "जोर नको लावजो भाऊ, त्याले हळूहळू फिरव." स्क्रू सगळे सरळ खाचेचे असल्याने स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेच्या रुंदीचे आणि जाडीचे घासून घ्यावे लागते, पाते लहान पडले की खाच फाटते आणि मग तो कॅमेरा पुढच्या प्रत्येक माणसाला आपली कहाणी सांगत राहतो. बाकी चिमटा, आयग्लास (डोळ्याला लावायचे घड्याळजीचे भिंग), हवा मारण्याचा रबरी फुगा आणि पांढरे पेट्रोल हे सगळे घड्याळजींना माल पुरवणाऱ्या दुकानात मिळाले.

आता गव्हर्नर. कॅमेऱ्याचा वेग धरून ठेवणारा हा भाग बोटाच्या पेराएवढाही नसतो. एका बारीक दांड्यावर छोटी वजने पातळ स्प्रिंगांनी धरलेली असतात. दांडा वेगाने फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि ती घर्षणाच्या गादीवर घासून वेगाला लगाम घालते. वेगाची तबकडी ८ पासून ६४ पर्यंत फिरवतो, तेव्हा आपण केवळ त्या गादीची जागा मागेपुढे करत असतो. इतक्या नाजूक हिशेबावर वाळलेल्या ग्रीसचा एक थर बसला की काय होते ते उघड आहे: वजने हलत नाहीत, दांडा आपल्याच बेअरिंगमध्ये जड फिरतो, आणि स्प्रिंगची जी ताकद फिल्म ओढण्यासाठी असते ती वंगणाशी झटण्यात जाते.

सफाई करताना मी यंत्र सरसकट पेट्रोलमध्ये बुडवत नाही. बुडवल्याने मळ सैल होतो खरा, पण तो एका जागेवरून दुसऱ्या, अधिक अडचणीच्या जागी जाऊन बसतो. दात कोरायच्या काडीला टोक काढून, तिला कापसाऐवजी टिपकागदाचा तुकडा गुंडाळून (कापसाचे तंतू या कॅमेऱ्यात आधीच पुरेसे होते) एकेक दाता आणि एकेक बेअरिंग पुसत गेलो. तपकिरी ग्रीस निघत गेले तसे गियर बोटाच्या हलक्या स्पर्शाने फिरू लागले. गव्हर्नरचा दांडा बाहेर काढून टोके आयग्लासखाली पाहिली, तर झिजेची खूण नव्हती. गादीही शाबूत होती, फक्त तेलकट मळाने चकाकत होती.

वंगण परत देताना हात आखडताच ठेवावा. शिलाई मशीनचे तेल घरोघर असते आणि मोह तिथेच होतो, पण ते पातळ तेल पसरत जाते आणि काही महिन्यांनी झडपेवर, तिथून फिल्मवर पोचते. गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल तर या कॅमेऱ्याच्या आसपासही आणू नये. बेअरिंगला घड्याळाचे तेल, तेही सुईच्या टोकावर राहील तेवढेच. स्प्रिंगजवळच्या जड गियरांना पातळ थरात चांगले कृत्रिम ग्रीस. आणि गादीला जवळजवळ काही नाही. चकतीवर तेल जास्त झाले तर लगाम सुटून वेग वाढतो, ती अगदी ठणठणीत कोरडी पडली तर गती थरथरते आणि आवाजात खरखर येते. या दोहोंमधली जागा शोधायला संयम लागतो. एक पुसट बोट फिरवायचे, मोबाईलवर मोजायचे, पुन्हा पुसायचे, पुन्हा मोजायचे, असे करत वेग चावीच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी पंधरा-सोळा चित्रांत स्थिर झाला, तेव्हा मी थांबलो.

असले काम खान्देशात केव्हा करावे, हाही विचाराचा भाग आहे. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंख्याखाली तीळभर स्क्रू टेबलावर राहत नाहीत. शिवाय काळ्या मातीची धूळ त्या दिवसांत बंद खिडकीतूनही आत येते. मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी, थंड आणि स्थिर असते. कॅमेरे खराब होण्याचे आमच्याकडचे खरे कारण मात्र पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यातला कुलर आहे, असे मला वाटते. पावसाळ्यात लोक निदान सावध असतात. पण उन्हाळाभर घराघरांत कुलरची ओलसर हवा चालू असते, ती कपाटांत शिरते आणि चामड्याच्या पेटीत बसून राहते. चामडे ओल धरते, बुरशीला तेच हवे असते. म्हणून कॅमेरा त्याच्या मूळ पेटीत ठेवू नये. पेटी शोभेला बाहेर ठेवावी आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. ठेवताना चावी उतरवलेली असावी, कारण वर्षानुवर्षे ताणलेली स्प्रिंग आपला जोर गमावते.

फिल्म जिथून उजेड घेते त्या गेटची सफाई लहान पण महत्त्वाची. तिथली फ्रेम जेमतेम ४.८ बाय ३.५ मिलिमीटरची असते. ती सव्वा मीटर रुंदीच्या पडद्यावर टाकली म्हणजे अडीचशे पटींहून मोठी झाली, आणि त्या हिशेबाने गेटच्या कडेला अडकलेला एक केस पडद्यावर बोटाएवढा जाड दिसतो. फिल्मच्या लेपाचे सुकलेले कण गेटच्या कडांना घट्ट चिकटलेले असतात. ते लाकडी काडीने, ओलसर करून, सुटेपर्यंत चोळावेत. धातूचे टोक लावले तर ओरखडा उठतो आणि तो ओरखडा पुढे प्रत्येक फुटावर उभी रेघ ओढत राहतो.

भिंगे दोन होती, फिरत्या चकतीवर बसवलेली: कर्न कंपनीची १३ मिलिमीटरची f/१.९ आणि दूरच्या दृश्यासाठी ३६ मिलिमीटरची f/२.८, दोन्ही यव्हार नावाची. या डी-माउंट, म्हणजे ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांच्या ठरावीक आट्यांच्या, भिंगांची बैठक फिल्मपासून १२.२९ मिलिमीटरवर असते, आणि त्यात केसाएवढा फरक पडला तरी चित्र धूसर होते. म्हणून बैठकीखाली पातळ चकत्या असतील तर त्या निघाल्या तशाच, त्याच क्रमाने परत गेल्या पाहिजेत. १३ च्या भिंगात मागच्या काचेवर फक्त पुसट धुके होते, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाले. ३६ मध्ये बुरशीने जाळे विणले होते. जाळे पुसले गेले, पण काचेवरचा लेप तिने खाल्ला होता आणि त्याचे ठसे राहिले. घासून ते घालवण्याचा प्रयत्न मी केला नाही; लेप खाल्लेले भिंग उन्हाकडे तोंड नसेल तर चालते, घासलेले भिंग कशालाच चालत नाही.

बी-८ वर एकेक फ्रेम टिपण्याची सोय आहे. तिची परीक्षा घेताना चाळीसगावच्या केकी मूस यांची आठवण होणे स्वाभाविक होते. खान्देशात छायाचित्रणाचा विषय निघाला की त्यांचे नाव येतेच. स्टेशनाजवळच्या आपल्या घरात राहून त्यांनी टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. ते १९८९ मध्ये गेले आणि त्यांचे काम आज तिथल्या कलादालनात पाहता येते. मीही टेबलावर वाटाणे मांडून, ते बोटभर सरकवत एकेक फ्रेम टिपली. बहुतेक चावीच्या कॅमेऱ्यांत झडप अशा वेळी थांबलेल्या अवस्थेतून निघते, त्यामुळे ती किंचित सावकाश उघडझाप करते आणि चित्र थोडे जास्त उजळते. म्हणून भिंगाचे छिद्र अर्ध्या टप्प्याने लहान केले.

परीक्षेची फिल्म झेक प्रजासत्ताकातल्या फोमा कंपनीची, फोमापॅन आर १०० होती. ही कृष्णधवल फिल्म आजही दुहेरी ८ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या दोन फेऱ्यांच्या रिळात, मिळते आणि धुतल्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र देते. तिच्या तळाशी चांदीचा एक थर असतो, तो ब्लीचमध्येच जातो. त्यामुळे नुसती निगेटिव्ह म्हणून धुण्याचा सोपा मार्ग इथे बंद आहे. पहिला डेव्हलपर, मग पोटॅशियम परमँगनेट आणि गंधकाम्लाचे ब्लीच, मग डाग काढणारे द्रावण, पुन्हा उजेड, दुसरा डेव्हलपर आणि शेवटी फिक्सर, असा तो क्रम आहे. सोव्हिएत बनावटीच्या सर्पिल टाकीत दहा मीटर फिल्म बसते. आम्ल हाताळताना हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. द्रावणांना विसाच्या आसपास तापमान लागते, आणि जळगावात गच्चीवरच्या टाकीचे पाणी पौषातल्या सकाळीच तेवढे थंड असते. चैत्रानंतर बर्फ आणावा लागेल.

टिपले होते ते मेहरूण तलावाचा काठ, फुले मार्केटबाहेरची गर्दी, रावेरच्या बाजूला केळीचे घड ट्रकमध्ये चढवणारी माणसे, आणि कॅमेऱ्याच्या मालकीणबाई, ज्या लहानपणी याच कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत असत. फिल्म न कापता स्कॅन केली. दृश्यांचा उजेड शेवटपर्यंत एकसारखा आहे, माणसे आपल्या चालीने चालतात, उभी रेघ कुठेही नाही. रीळ घालताना कडेने शिरलेला उजेड पहिल्या दोन-तीन फुटांत दिसतो, तो या पद्धतीत चालायचाच. ३६ च्या भिंगाने घेतलेल्या दृश्यांत चकाकते पाणी आले की चित्र फिके पडते. मालकीणबाईंना ते दाखवून सांगितले की त्या भिंगाच्या जागी दुसरे शोधता येईल. त्या म्हणाल्या, राहू द्या, १३ चेच वापरू. कॅमेरा त्यांच्या नातवाकडे गेला आहे आणि त्याला चावी उतरवून ठेवायला शिकवले आहे.